कॅमेऱ्याला लटकलेली करणी

गोरक्षनाथ वाबळे संशयी आहेत असं कॉलनीत कोणी म्हटलं, तर त्यांना ते पटत नसे. त्यांच्या मते ते चौकस होते आणि बाकीचं जग गाफील होतं. नागापूरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी क्वालिटीच्या खात्यात गेली. समोर आलेला नग मुळात खराबच असतो, चांगला निघाला तर त्याचं नशीब, या एका श्रद्धेवर त्यांनी संसार उभा केला. निवृत्त झाल्यावर तपासायला नग उरले नाहीत, तेव्हा ती नजर सावेडीतल्या त्यांच्या कॉलनीवर पडली. दूधवाल्याचं माप, मीटर बघायला येणाऱ्याचं ओळखपत्र, देवळातल्या प्रसादाच्या खोबऱ्याचा वास, काहीच त्यातून सुटेना. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं त्यांनी विचारलं की त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई पातेलंच त्यांच्यापुढं आणून ठेवत आणि टीव्ही लावून बसत.

पण ही गोष्ट मिठाची नाही, कॅमेऱ्याची आहे. आणि कॅमेरा घरात आला तो दानीएलमुळं.

दानीएल पाटोळे म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. तो त्याच कारखान्यात मशिन शॉपला होता. दोघांनी प्लॉट एकदम घेतले, घरं एकदम बांधली आणि मधली भिंत मुद्दाम कमरेइतकीच ठेवली, म्हणजे चहाचे कप वरून देता-घेता यावेत. दिवाळीच्या करंज्या इकडून तिकडं जात, नाताळच्या तिकडून इकडं येत. वाबळ्यांची अश्विनी जन्मली तेव्हा वाबळे दवाखान्याच्या पायरीवर घामाघूम होऊन बसले होते आणि आत मनकर्णाबाईंचा हात धरायला दानीएलची बायको दीना होती. इतकं सगळं असून बिघडलं ते एका शेवग्यावरून.

शेवगा दानीएलचा. त्याची एक फांदी वाबळ्यांच्या नव्या पोर्चवर आली होती, आणि पोर्चमध्ये नवी पांढरी गाडी होती. शेवग्याचं पान नखाएवढं. ते वायपरच्या खाली जातं, काचेच्या फटीत जातं, माणसानं जाऊ नये तिथं जातं. वाबळ्यांनी दानीएलला सांगून पाहिलं. पानंच तर आहेत, दगड थोडेच पडतायत, असं म्हणून दानीएल हसला. वाबळ्यांना गाडीपेक्षा ते हसणं जास्त लागलं. पुढं दानीएलच्या घरचे सगळे लग्नाला बेलापूरला गेले, त्या दिवशी वाबळ्यांनी माणूस लावून फांदी उतरवली. फांदी फुलांनी लगडलेली होती. दानीएल परत आला, त्यानं बुंध्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि काही न बोलता घरात गेला. त्या दिवसापासून भिंतीवरून कप जायचा बंद झाला.

दानीएलनं भांडण केलं असतं तर वाबळे सुखानं झोपले असते. माणूस गप्प बसला म्हणजे आत काहीतरी शिजतंय, हा त्यांचा अनुभव. निदान त्यांच्या स्वतःच्या बाबतीतला तरी. आपली फांदी कोणी अशी तोडली असती तर आपण काय काय केलं असतं याची त्यांनी मनात उजळणी केली, आणि ते सगळं दानीएल करणार अशी खूणगाठ बांधली. खरं सांगायचं तर संध्याकाळ झाली की त्यांना दानीएलची फार आठवण येई. ते हातात पेपर घेऊन भिंतीपाशी जात, उभे राहत, आणि चहा घरातच पिऊन टाकत. पण आठवण येते हे कबूल करण्यापेक्षा संशय येतो हे कबूल करणं सोपं, म्हणून त्यांनी कॅमेरा बसवला.

कॅमेरा पोर्चच्या छताखाली, तोंड भिंतीकडं. बसवणाऱ्यानं पुढंमागं लागेल म्हणून वायर जरा लांब ठेवली आणि तिचं वेटोळं तसंच लोंबत सोडलं. मग वाबळे दिवाणखान्यात सोफ्यावर बसून मोबाईलवर आपलाच पोर्च पाहू लागले. तो पोर्च त्यांच्या खिडकीतूनही दिसत होता, पण मोबाईलवर दिसला की त्याला पुराव्याचं वजन येई. पुरावा मात्र काही जमेना. सगळं चित्रण तपासलं तेव्हा त्यात एकच संशयास्पद इसम वारंवार आढळला. तो भिंतीपाशी येई, टाचा उंच करून पलीकडं पाही, इकडंतिकडं बघून परत जाई. ते स्वतः वाबळेच होते.

मार्चमध्ये नवरा-बायको अश्विनीकडं पुण्याला राहायला गेले. जाताना वाबळ्यांनी शॉर्टसर्किट नको म्हणून मेन स्विचच बंद केला. त्यामुळं पुण्यात त्यांना कॅमेऱ्यातून सगळा काळोख दिसला, आणि तो काळोख दानीएलनं केला असावा असं वाटून ते जावयाशीही धड बोलले नाहीत. परत आल्यावर मेन चालू केला तर मोबाईलच्या पडद्यावर अर्धा पोर्च दिसतोय आणि अर्ध्यावर काहीतरी कळकट, केसाळ लोंबतंय. वाबळे तसेच बाहेर धावले.

कॅमेऱ्याच्या वायरीला एक गाठोडं लटकलेलं होतं. मुठीहून जरा मोठं, वर निमुळतं, खाली फुगलेलं. त्यात वाळलेलं गवत होतं, सालपटं होती, कोळिष्टकं होती, काळे बारीक दाणे चिकटवलेले होते. एक लाल धागा गुंडाळलेला होता. आणि या सगळ्याला आवळून धरणारे लांब लांब केस होते. वाबळे स्टुलावर चढले, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि स्टुलावरून जरा घाईनंच उतरले. केस तांबूस होते. मेंदी लावलेले.

मनकर्णाबाई हातातली पिशवी खाली ठेवून आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "ही तर माझी गुंतवळ हाय."

इथं गुंतवळीविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे. मनकर्णाबाई विंचरताना गळालेले केस टाकून देत नसत. केसांवर चाळणी नाहीतर डबा देणारी बाई अधूनमधून कॉलनीत येते, तिच्यासाठी त्या ती गुंडाळी मधल्या भिंतीच्या एका भोकात खोचून ठेवत. वाबळ्यांच्या आईनं हयातभर सांगितलं होतं की बाईची गुंतवळ परक्या हाती लागू देऊ नये, तिच्यावर काहीही करता येतं. वाबळे या गोष्टी मानत नसत. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात त्यांनी अंधश्रद्धेवर भाषण करून टिफिनचा डबा बक्षीस मिळवला होता. पण मानत नाही म्हणणं वेगळं आणि आपल्याच दारात बायकोचे केस लाल दोऱ्यानं बांधून टांगलेले बघणं वेगळं. भिंतीचं भोक, भिंतीपलीकडचा माणूस, तोडलेली फांदी आणि कॅमेऱ्याच्याच डोळ्यासमोर बांधलेलं गाठोडं, सगळे नग एकमेकांत फिट बसत होते.

दानीएल असलं करील हे मनकर्णाबाईंना मुळीच पटेना. ती माणसं साधं लिंबू उतरून टाकत नाहीत, करणी कुठून करतील, असा त्यांचा सवाल होता. वाबळ्यांचं उत्तर तयार होतं. स्वतः करत नसेल, बाहेरून करवून घेतली असेल. हल्ली सगळंच बाहेरून करून मिळतं.

गोष्ट घरात राहिली असती तर बरं झालं असतं, पण स्टूल पोर्चमध्ये होतं आणि त्यावर चढलेले वाबळे समोरच्या बिभीषण ठाणग्यांना दिसले होते. बिभीषणराव कॉलनीचे अध्यक्ष. नावाप्रमाणं ते नेहमी कोणत्या तरी बाजूला असत, पण कोणत्या ते निकाल लागेपर्यंत कळत नसे. त्यांनी लांबूनच गाठोड्याला नमस्कार केला आणि काळे दाणे म्हणजे मंतरलेले तीळ असल्याचं ठामपणे सांगितलं. हात लावू नका, झाडू लावू नका, त्याच्याखालून जाऊ नका आणि त्याची सावली अंगावर घेऊ नका, असा सल्ला त्यांनी दिला. वाबळ्यांचं घर पोर्चच्या मागं असल्यामुळं हा सल्ला पाळायचा तर घर विकावं लागलं असतं. दुपारपर्यंत आणखी मंडळी आली. कोणी मढीच्या देवस्थानाला जाऊन या म्हणालं, कोणी गोमूत्र शिंपडा म्हणालं. एका बाईंनी तर यांच्या गाडीचा रंगच मुळात पांढरा नको होता, असं सांगून टाकलं.

वाबळ्यांचा मान दुखावला. आपण शिकलेले, भाषण केलेले, आणि लोक आपल्याला गोमूत्र सुचवतात. बरं, देवऋष्याकडं जावं तर लोक हसणार आणि न जावं तर रात्री झोप नाही. मग त्यांना एकाएकी आठवलं की जादूटोण्याच्या विरोधात कायदा आहे. म्हणजे करणीवर विश्वास न ठेवतासुद्धा तिचा बंदोबस्त करता येतो. हा मार्ग त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारा होता. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पोलीस चौकी गाठली.

चौकीत हवालदार श्रीमंत ठोंबे बसले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि आधी जिल्ह्याचं नाव जुनंच लिहिलंय म्हणून परत दिला. वाबळ्यांनी अहिल्यानगर करून अर्ज नव्यानं लिहिला. मग ठोंब्यांनी नुकसान काय झालं ते विचारलं. वाबळ्यांनी गुडघ्याचं दुखणं सांगितलं, मिक्सर बंद पडल्याचं सांगितलं, झोप उडाल्याचं सांगितलं.

ठोंबे पेन खाली ठेवून म्हणाले, "साहेब, गाठोड्यानं गुडघा दुखतो असं तुमी लेखी देताय. म्हंजी करणी लागते असा परचार तुमीच करताय. मंग गुन्हा कुणावर घेऊ?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या मालात खोट काढलेल्या माणसाचा पहिलाच नग परत आला होता. शेवटी गुडघा आणि मिक्सर खोडून, अज्ञात इसमानं आक्षेपार्ह वस्तू टांगली, एवढ्यावर तडजोड झाली. संशय कोणावर आहे का, असं ठोंब्यांनी तोंडी विचारलं, तेव्हा वाबळ्यांनी आवाज बारीक करून डाव्या हाताच्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं. लेखी देण्याइतका त्यांचा जीव कठीण नव्हता. चौकीतून बाहेर पडताना त्यांना कसंतरी झालं, पण ते त्यांनी उन्हावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी ठोंबे पंचनाम्याला आले. गाठोडं पाहून त्यांनी आधी टोपी काढली, मग कोणी बघतंय का पाहून परत घातली. पंचनामा म्हटला की पंच हवेत. बिभीषणराव एक पंच म्हणून हजर होतेच, दुसरा हवा होता. वाबळे लांबलांबची नावं सुचवत होते, पण ठोंब्यांना घाई. त्यांनी कमरेइतक्या भिंतीवरून पलीकडं पाहिलं, झाडांना पाणी घालणारा एक शांत चेहऱ्याचा माणूस त्यांना दिसला, आणि त्यांनी हाताची खूण करून त्याला बोलावून घेतलं. वाबळ्यांना तोंड उघडता येईना. उघडून म्हणणार काय?

दानीएल गेटमधून आत आला. शेवगा तोडल्यापासून या पोर्चमध्ये त्याचा पाय पडला नव्हता. तो कोणाकडं न बघता उभा राहिला आणि काय झालंय ते त्यानं हवालदारांना विचारलं. हवालदारांनी वर बोट केलं. मग ते स्टुलावर चढले, हातातली काठी पुढं केली आणि गाठोड्याला जरासं ढोसलं. गाठोड्याच्या कुशीला एक भोक होतं, ते आत्तापर्यंत कोणाला दिसलंच नव्हतं. त्या भोकातून एक लांब, बाकदार चोच बाहेर आली. तिच्यामागून मण्याएवढा डोळा आला. डोळ्यानं कायद्याकडं पाहिलं, आणि एक इवलीशी मळकट पिवळी पाखरीण भुर्रकन निघून शेवग्यावर जाऊन बसली आणि तिथून सगळ्यांना रागं भरू लागली.

"आरं," दानीएल म्हणाला, "हे तर घरटं हाय."

आणि तो हसला. तेच जुनं हसू. वाबळ्यांच्या छातीवरचा दगड असा हलका झाला की तेही हसणार होते. त्यांचे ओठ तयारसुद्धा झाले होते. बिभीषणराव आपण पहिल्यापासून घरटंच म्हणत होतो असं सांगू लागले. कोणी त्या पाखराला शिंजीर म्हणालं, कोणी फुलचुकी. क्षणभर सगळं पूर्वीसारखं झालं होतं. पण ठोंबे कागदाचे पक्के. उघडलेला पंचनामा पुरा केल्याशिवाय ते हलणार नव्हते.

"पंचाचं नाव सांगा."

"दानीएल पाटोळे."

ठोंब्यांचं पेन थांबलं. त्यांनी दानीएलकडं पाहिलं, मग वाबळ्यांकडं, मग भिंतीकडं, आणि ती कुणाच्या डाव्या हाताला येते याचा हिशेब केला. "म्हंजी साहेबांनी ज्यांच्यावर संशय सांगितला, ते तुमीच व्हय?"

बिभीषणरावांना अचानक घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. दानीएलनं पेन मागून घेतलं, दाखवलेल्या जागी सही केली आणि पेन परत दिलं.

"गोरख," तो म्हणाला, "फांदी तोडली तवा मला राग आल्ता. राग बरा असतो, उतरतो."

एवढं बोलून तो गेटमधून निघून गेला. वाबळे पोर्चमध्ये तसेच उभे राहिले. आपण आज काहीतरी गमावलं आणि ते कुठल्याही चौकीत नोंदवता येणार नाही, हे त्यांना स्पष्ट कळलं.

ठोंब्यांपुढं वेगळाच पेच होता. वस्तू जप्त करावी तर आत अंडी, आणि सोडून द्यावी तर अर्जाला आवक नंबर पडलेला. त्यांनी वन खात्यात फोन लावला. तिकडून, पिल्लं उडून जाईपर्यंत घरट्याला कोणीही हात लावायचा नाही, असं सांगण्यात आलं. मग ठोंब्यांनी मुद्देमाल जागेवरच वाबळ्यांच्या ताब्यात दिल्याचं लिहून घेतलं आणि जैसे थे सांभाळण्याची हमी म्हणून त्यांची सही घेतली. अशा रीतीनं आपल्यावर झालेल्या करणीचे वाबळे सरकारमान्य राखणदार झाले.

घरटं बरोबर गाडीच्या बॉनेटवर. गाडी चालू केली की पाखरीण उडून जाई, म्हणून गाडी बंद. पोर्चमधून गेलं की ती घाबरे, म्हणून पुढचं दार बंद. वाबळे दांपत्य मागच्या दारानं, धुणं वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून वाकून ये-जा करू लागलं. पांढऱ्या गाडीवर वरून जे पडायचं ते पडत राहिलं. शेवग्याची पानं त्यापेक्षा बरी होती, असं मनकर्णाबाई दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत. त्यांनी घरट्याचा बारीक अभ्यास केला होता. लाल धागा त्यांच्याच पायपुसण्याचा निघाला, आणि मंतरलेले तीळ म्हणजे अळ्यांच्या लेंड्या निघाल्या. घरट्याच्या भोकावर पाखरिणीनं छोटासा छज्जा काढला होता. तिचा पोर्च आपल्यापेक्षा सरस आहे आणि तिनं त्यासाठी कोणाची फांदी तोडली नाही, हेही त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं.

वाबळ्यांचा संशय मात्र फुकट गेला नाही. त्याला आता काम मिळालं. ते मोबाईलवर दिवसभर घरटं बघत आणि जगात जो जो जवळून जाईल त्याच्यावर नजर ठेवत. मांजर संशयित होतं. कावळा होता. कुरिअरवाला होता. बिभीषणराव पाहुण्यांना घरटं दाखवायला घेऊन येत, तेही होते. पिल्लं निघाली तेव्हा वाबळ्यांनी सोफ्यावरून हलायचं सोडलं. नर काळाभोर, उन्हात जांभळा चमकणारा, आणि मादी मळकट. दोघं शेवग्यावर जात आणि चोचीत काहीबाही घेऊन येत. बुंध्याजवळ नवा फुटवा आला होता, त्याला चार फुलं होती. वाबळे त्या फुलांकडं बघत आणि मोबाईल पालथा ठेवत.

"घरट्याचं मी बघंन. तुमी दीनाच्या घरी जाऊन या," मनकर्णाबाई म्हणत.

जातो, असं वाबळे म्हणत आणि जात नसत. त्यांनी माफीचं वाक्य तयार केलं होतं. पण प्रत्येक वेळी तपासल्यावर त्यात त्यांना काहीतरी खोट आढळे. एकात गैरसमज हा शब्द होता, तो अपुरा वाटला. दुसऱ्यात बिभीषणरावांचं नाव होतं, ते पळपुटेपणाचं वाटलं. एकदा ते दानीएलच्या गेटपर्यंत पोचले, समोर दानीएल पायरी धूत होता, आणि वाबळे खाली वाकून आपल्या चपलेचा अंगठा तपासून परत आले. दानीएलनं त्यांना पाहिलं होतं. त्यानं नजर चुकवली नाही, पण बोलावलंही नाही.

एका रविवारी पिल्लं उडाली. एक सरळ विजेच्या तारेवर जाऊन बसलं. दुसऱ्याचं धाडस पंखांपेक्षा मोठं होतं. ते गाडीच्या टपावर आपटलं, तिथून फडफडत भिंतीपलीकडं गेलं आणि दानीएलच्या शेवग्याखाली पडलं. त्याच क्षणी कॉलनीतला बोका भिंतीवर येऊन बसला. वाबळे लुंगी-बनियनवर होते. पिल्लाला उघड्या हातानं धरू नये, कापडात घ्यावं, आणि लागलं असेल तर हळद लावावी, असं त्यांना बिभीषणरावांनीच कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी मनकर्णाबाईंचा शिवायला काढलेला लाल खण ओढला, स्वयंपाकघरातून हळदीची वाटी उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत ओलांडली. गुडघ्याची तक्रार चौकीत खोडली होती ते बरंच झालं, कारण गुडघा या वेळी मात्र खरोखर फुटला. हळद निम्मी सांडली. ते रांगत शेवग्यापाशी गेले, पिल्लावर खण पसरला आणि वरून दोन्ही हातांचा आडोसा धरून, बोकोबाला तोंडातल्या तोंडात शिव्या देत बसले.

दानीएलच्या घरी त्या दिवशी प्रार्थना होती. पाहुणे आले होते. प्रार्थना संपली आणि मंडळी चपला घालायला अंगणात आली. पुढं बेलापूरच्या आत्याबाई होत्या. त्यांनी पाहिलं ते असं: झाडाखाली एक उघडाबागडा माणूस, भोवती हळद, पुढं लाल कापड, गुडघ्यातून रक्त, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं.

"दानीएल," आत्याबाई थंडपणे म्हणाल्या, "ह्यो माणूस तुझ्या झाडाखाली काय करून ऱ्हायला बघ."

मागून कुजबुज सुरू झाली. हाच तो पोलिसांत गेलेला. दुसऱ्याचं नाव घेतलं, आणि आता स्वतःच रंगेहाथ सापडला. एकानं मोबाईल काढून शूटिंग चालू केलं. वाबळ्यांना उठता येईना, कारण हात काढला तर बोका टपलेला. बोलताही येईना, कारण तयार केलेलं एकही वाक्य या प्रसंगाचं नव्हतं. आपण दानीएलच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. एवढ्या पुराव्यावर त्यांनी देवालासुद्धा सोडलं नसतं. त्यांनी मान खाली घातली आणि जे यायचं ते येऊ द्यायचं ठरवलं.

दानीएल पायऱ्या उतरून आला. त्यानं हळद पाहिली, खण पाहिला, गुडघा पाहिला. खणाखाली काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि त्यानं ते विचारलंही नाही.

"आत्या, त्यो आमचा गोरख हाय," तो म्हणाला. "त्यो असलं काय करायचा न्हाई." मग मोबाईलवाल्याला त्यानं मोबाईल खाली घ्यायला सांगितलं.

वाबळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते गुडघ्याचं नव्हतं. दानीएल त्यांच्याशेजारी मातीत उकिडवा बसला. वाबळ्यांनी खणाचं एक टोक उचललं. आत बोटाच्या पेराएवढं पिल्लू चोच वासून बसलं होतं.

"दानीएल, माझं चुकलं. मी तुझं नाव…"

"हळू बोल," दानीएल म्हणाला. "पिल्लू घाबरंल."